मुलांना पहिल्यांदा जोग दाखवताना

पाच आणि आठ वर्षांची पोरं घेऊन कर्नाटकातल्या जोग धबधब्याला निघालात, मस्तच! सगळं एकदम दाखवायला जाऊ नका, एवढंच.

एप्रिल-मेमध्ये नकोच. शरावती नदीचं पाणी वर लिंगनमक्की धरणात अडतं, उन्हाळ्यात कड्यावर नुसत्या धारा उरतात. ऑगस्ट-सप्टेंबर धरा.

नेहमीची चूक म्हणजे धुकं दिसलं की "काहीच दिसत नाही" म्हणत गाडीकडे वळणं. कठड्यापाशी थांबा. आमची धाकटी वैतागून कणीस कुरतडत बसली होती. दहा मिनिटांत पांढरा पडदा सरकला आणि कणीस तोंडातच राहिलं.

२५३ मीटर वगैरे आकडे मुलांना कळत नाहीत. त्यापेक्षा चार धारा ओळखायला लावा:
- राजा: सरळ उडी
- रोअरर: आवाज करणारा
- रॉकेट: फवारे मारत सुटणारा
- राणी: खडकावरून नागमोडी उतरणारी

आमच्याकडे तर राणीसाठी भांडणं झाली.

तळाच्या पायऱ्या या वेळी सोडाच. उतरताना पोरं पळतात, चढताना तुमच्या खांद्यावर येतात. कोरडे कपडे गाडीत, खाऊ बॅगेत; माकडं हातातलं ओढून नेतात.