कॅमेरे बसवा, पण त्याआधी दार कोण वाजवणार ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाडीत दोन बंद घरं फुटली, स्टँडवरून घरी येणाऱ्या एका मुलीची संध्याकाळी छेड काढली, आणि आता गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात आठ कॅमेरे घ्यायचे असं मंडळात घाटतंय. याने गाव सुरक्षित होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी चिपळूणचा. बाजारपेठेत औषधांचं दुकान, तीस वर्षं झाली. मी पोलीसही नाही आणि नगररचनेतलाही नाही, त्यामुळे काउंटरमागून जेवढं दिसलं तेवढंच सांगतो.

22 जुलै 2021 ची पहाट. रात्रभर कोसळत होता, दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा म्हणजे खाडीला उधाण, त्यामुळे वाशिष्ठी नदीचं पाणी पुढे सरकायला तयार नाही. (कोयनेच्या अवजलाचा, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेल्या पाण्याचा, त्यात वाटा किती, यावर आमच्याकडे अजूनही चहाच्या टपरीवर भांडणं होतात, ते इथे नको.) माझ्या दुकानामागच्या गल्लीत एक काकी एकट्या राहायच्या, खालच्या मजल्यावर, कौलारू घर. मुलगा डोंबिवलीला. लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही. मी चढावरच्या घरात हात चोळत बसलेला.

काकींना कोणी काढलं? पाववाल्याने. चार वाजता तो पेटी घेऊन निघाला, गल्लीच्या तोंडाशी पाणी बघितलं, सायकल तिथेच टाकली आणि आत गेला. कोणत्या दारामागे कोण झोपलंय हे त्याला पाठ, कारण रोज तीच दारं वाजवायची. काकी म्हणाल्या, "2005 ला तिसऱ्या पायरीपर्यंतच आलं होतं रे, जा तू." तो म्हणाला, "काकी, आज पाव नाहीत. उठा." त्यांना आणि शेजारच्या दोघांना त्याने समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. दुपारी त्या घराची फक्त कौलं दिसत होती.

नाक्यावरचे कॅमेरे? वीज गेली की कॅमेरा म्हणजे खांबावरचा डबा.

त्यानंतर आमच्या गल्लीत आम्ही एक वही केली. वीस-बावीस घरं. प्रत्येक घरापुढे चारच गोष्टी: एकटं कोण आहे, उचलून न्यावं लागेल असं कोण आहे, रोज इन्सुलिन किंवा डायलिसिस कोणाचं, आणि किल्ली कोणाकडे. वही दोघांकडे, त्यातली एक बाई हवीच, कारण घरात कोण आजारी आहे हे पुरुषाला चौथ्या दिवशी कळतं. शिवनदीच्या एका कठड्यावर तेलरंगाची खूण आहे. पाणी तिथे टेकलं की दारं वाजवायला सुरुवात, भोंग्याची वाट बघायची नाही. नकाशावरच्या पूररेषाही माहीत असू द्या: निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाची. पण पहाटे चारला नकाशा कोणी उघडत नाही, कठड्यावरचा रंग दिसतो.

यात एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. एका उत्साही पोराने ती यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली. "अमुक आजी, एकट्या, किल्ली शेजारी." अडीचशे लोकांचा ग्रुप! चोराला याहून चांगलं आमंत्रण काय देणार? काढून टाकली, भांडणं झाली, दोन घरांनी नावं परत घेतली. तेव्हापासून वही कागदावरच.

आता तुमच्या बंद घरांबद्दल. चाकरमानी मे महिन्यात आणि गणपतीला येतात, बाकी वर्ष कुलूप. चोर कुलूप बघत नाही, पायरी बघतो. पायरीवर पाचोळा साचला, खळ्यात गवत उगवलं, की घर बंद आहे हे त्याला रस्त्यावरूनच कळतं. शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा झाडू मारायचा, ओटीवरचा दिवा लावायचा. मुंबईकर परतताना नारळ, आंबे नेतात, तसा शेजाऱ्याला पगारही ठरवून द्यावा, फुकटच्या भरवशावर ठेवू नये. गौरी-गणपतीनंतर निघताना पोलीस ठाण्यात घर बंद असल्याचं कळवावं.

मुलीच्या छेडीवरचा उपाय मात्र उजेडाचा आहे. मंडळातल्या पुरुषांनी घरी बसून ठरवू नये, तीन-चार बायका-मुलींबरोबर संध्याकाळी साडेसातला स्टँडपासून पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, वर चालत जावं. त्या कुठे पावलं जलद टाकतात ते बघा. आमच्याकडे अशी जागा निघाली ती अंधाराची नव्हतीच. दिवा होता, पण पावसात रान एवढं माजलेलं की उजेड झाडीवरच पडायचा. कोयत्याचं अर्ध्या दिवसाचं काम. जिथे दिवाच नाही तिथे खांबाचा नंबर लिहून लेखी अर्ज, आणि अर्जाची पोच घ्यायचीच. दिवा एका खात्याचा, खांब दुसऱ्याचा असं उत्तर मिळेल. दोघांनाही अर्ज द्या. उजेडाचा आणखी एक फायदा औषधवाला म्हणून सांगतो: जांभ्याच्या पायऱ्यांवर फुरसं (छोटा विषारी साप) बसलेलं असतं, ते अंधारात दिसत नाही. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवलेली आहे हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पोलिसांच्या 112 आणि रुग्णवाहिकेच्या 108 च्या शेजारी.

आणि शेवटची एसटी येईपर्यंत एखादं दुकान उघडं राहील एवढं बघा. मी अर्धं शटर ठेवतो. मुली थांबत नाहीत, पण उजेडात कोणीतरी बसलेलं आहे हे त्यांना माहीत असतं, आणि नाक्यावरच्या पोरांनाही.

पूर ओसरल्यावरच्या चिखलाचंही लक्षात ठेवा. पाय फुटलेले असताना त्यात अनवाणी फिरलात तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. ताप आला की दोन दिवस काढा पीत बसू नका, डॉक्टरकडे जा. समुद्रावर पर्यटक येत असतील तर पाणी कुठे ओढतं हे तुमच्या कोळीवाड्याला विचारून तिथेच बोर्ड लावा, पार्किंगपाशी नको.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. एक निवृत्त गुरुजी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले, फोन कानाला, हात थरथरत होते. एरवी पाच मिनिटं राजकारण बोलल्याशिवाय जात नाहीत, त्या दिवशी गप्प. खुणेनेच विचारलं तर फोन हाताने झाकून हळूच म्हणाले, "मला डिजिटल अटक झालीय, बोलायची परवानगी नाही." अशी अटक नसतेच, पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणाऱ्यांचा तो डाव. फोन हिसकावून घेतला, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लावला. पैसे अजून गेले नव्हते. गुरुजी नंतर तासभर दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले.

कॅमेरे घ्यायचेच असतील तर आठ नको, तीन घ्या. स्टँड, नाका, आणि गाडी गावाबाहेर जाते तो रस्ता. कोणाच्या दाराकडे किंवा विहिरीकडे तोंड नको. इन्व्हर्टर, देखभालीचा करार आणि खारं वारं धरून दरवर्षीचा खर्च आधीच बाजूला काढा. रेकॉर्डिंग कोण बघणार त्याचं नाव इतिवृत्तात लिहा. ते नाव सुचलं नाही, तर कॅमेरे घेऊ नका. उरलेल्या पैशात पाखाडीचे दिवे आणि चार बाक होतील.

वहीच्या कोऱ्या पानाचा फोटो हवा असेल तर टाकतो. भरलेलं पान मागू नका.