आधी गिऱ्हाईक, मग यंत्र

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सोलापूरजवळच्या गावात राहते. आईच्या हातच्या शेंगा चटणीला ओळखीच्या लोकांत चांगली मागणी आहे. माझी शिष्यवृत्ती आणि आईची भिशी मिळून ६० हजार रुपये जमलेत. त्यातून कांडप यंत्र घ्यावं, एक गाळा भाड्याने घ्यावा आणि २०० ग्रॅमचं पाकीट ५० रुपयांना विकावं, असा विचार आहे. बाबा सूतगिरणीत हिशेबनीस होते. ते म्हणतात, आधी बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर : धंदा जरूर कर. पण यंत्र आणि गाळा आत्ता नको. हे ६० हजार तुझं खेळतं भांडवल आहे. ते यंत्रात आणि डिपॉझिटमध्ये अडकलं, तर ऑर्डर आल्यावर दाणे कशाने आणशील? माल उत्तम असूनही केवळ हातातले पैसे संपले म्हणून बंद पडलेले घरगुती धंदे मी जवळून पाहिलेत. फार वाईट वाटतं.

तुमच्या भागात मसाला-चटणी कांडून देणारा डंक असणारच. किलोमागे पैसे देऊन चटणी तिथेच कांडून घे. मात्र डंकवाल्याकडून सकाळचा पहिला नंबर मागून घे आणि डंक पुसून घे, नाहीतर आधीच्या काळ्या मसाल्याचा वास तुझ्या चटणीला लागेल. आईला सोबत ने. दाण्याला तेल सुटल्यावर नेमकं कुठे थांबायचं, हे तिच्याच हाताला कळतं.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा पुढे लिज्जत झाला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह! कुठे अडतं हे काम करताना कळलं होतं, म्हणून नेमकी तीच वस्तू घेतली गेली. तुझं यंत्रही असंच येऊ दे. डंकावर नंबर लागेना आणि ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या, की घे.

आता तुझा भाव. समजा, एका किलोला दाणे, तिखट, लसूण, मीठ आणि कांडण मिळून १७० रुपये लागले, पाच पाकिटांचे ३० धर. झाले २००. तू किलोचे २५० घेणार. दुकानदाराने २० टक्के कापले, तर हातात २००च येतात. म्हणजे आईने दाणे भाजले, पाखडले, लसूण सोलला, पाकिटं भरली, ते सगळं फुकट. आईची मजुरी आधी खर्चात लिही, मग भाव ठरव. ७० रुपयांचं पाकीट लोक घेतात का, हे ओळखीबाहेरच्या गिऱ्हाइकांत पाहा. नातेवाईक कौतुकाने एकदा घेतात. परक्या माणसाने दुसऱ्यांदा मागितलं, की भाव जमला म्हणायचं.

दुकानात माल ठेवायची घाई नको. दुकानदार उधारीवर घेतो, न खपलेला परत करतो, आणि शेंगदाण्याला खवटपणा लवकर येतो. पहिल्याच घाण्यातली काही पाकिटं घरात बाजूला ठेव, दर आठवड्याला एक फोडून वास घे, चव बघ. त्यावरून मुदतीची तारीख ठरव, अंदाजाने छापू नकोस.

कागदपत्रांचा बाऊ करू नकोस. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल, तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये. विक्री सुरू करण्याआधी ती करून घे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नकोस. फक्त मालच विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

कर्ज नंतर. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे. पण ते रोख हातात पडत नाही, बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. म्हणून अनुदानाकडे बघून प्रकल्प फुगवू नकोस.

बाबांची काळजी रास्त आहे. बँकेच्या लिपिक पदाला २८ आणि अधिकारी पदाला ३० वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, तेव्हा पदवीनंतर एक वर्ष धंद्याला दिलं तरी ते दार बंद होत नाही. हे त्यांना नीट सांग, आणि रोजच्या हिशेबाची वही त्यांच्याच हाती दे. घरात हिशेबनीस असताना धंद्याचा पैसा आणि घरखर्च एकाच डब्यात जाता कामा नये. महिनाअखेरीला आईची मजुरी तिच्या खात्यात जमा झाली की नाही, हेही त्यांनीच बघावं.