नुसती वर्षंच मोजायची का?

प्रश्न: वडील ७८ वर्षांचे, सगळा जन्म यंत्रमागावर गेला. आता किडन्या गेल्यात, डॉक्टर डायलिसिस सांगतेत, आठवड्यातनं ३ वेळा, दरवेळी ४ तास. वडील म्हणतेत तळ्यावर चक्कर आणि सिद्धेश्वराचं दर्शन झालं की बास, सुया नकोत. भाऊ म्हणतो दिवस वाढतेत ना, मग करायचंच. कुणाचं खरं ओ? – एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: ताई, हे भांडण फक्त तुमच्या घरातलं नाहीये. आरोग्याचा हिशेब करणाऱ्यांनी यासाठी क्वॉली नावाचं माप काढलंय, धडधाकट १ वर्ष म्हणजे १, निम्म्या तब्येतीचं ०.५, म्हणजे तशी ४ वर्षं काढली तरी हिशेबात २च. ब्रिटनमधली नाइस ही संस्था कुठल्या औषधाला सरकारी पैसा द्यायचा हे बघताना हेच वापरते. पण ते ‘निम्मं’ बहुतेक वेळा लोकांना विचारून काढलेली सरासरी असते, त्यात तुमच्या वडिलांचं तळं कुठं बसणार? शिवाय म्हाताऱ्यांची वर्षंच कमी उरलेली, म्हणून ते त्यात आधीच मागं पडतात, मला तरी हे पटत नै.

डॉक्टरांना ‘किती दिवस वाढतील’ एवढंच विचारू नका, घरी आल्यावर अंगात त्राण राहील का, जाण्यायेण्यातच दिवस संपेल का हेही विचारा. डायलिसिस न करता औषधांनी त्रास कमी ठेवायचा मार्गही असतो, आणि थोडे दिवस करून बघून थांबवताही येतं. भावाला सोबत न्या, अन् वडिलांना बाहेर बाकड्यावर बसवू नका, आतच घ्या.