पहिल्यांदा शिंतो श्राइन बघताय? मग एवढं करा

जपानच्या पहिल्याच ट्रिपला दहा श्राइनची, म्हणजे शिंतो या तिथल्या मूळ धर्माच्या देवळांची, यादी करू नका हो, दोन-तीन पुरेत. टोकियोत असाल तर मेइजी जिंगू सकाळी लवकर गाठा, १९२० साली उभं राहिलं आणि भोवतीचं ते दाट जंगल चक्क माणसांनी लावलेलं आहे, खडीवर आपल्याच पायांचा करकर आवाज येत राहतो आणि शहर कुठल्या कुठे जातं. क्योतोचं फुशिमी इनारी रात्रंदिवस उघडं असतं, त्यामुळे दुपारी सेल्फी स्टिका चुकवत फिरण्यात काही अर्थ नाही, पहाटे जा आणि जरा वर डोंगरावर चढा, बहुतेक पब्लिक खालूनच परत फिरतं.

बाकी सुरुवातीला एवढंच:

- तोरी म्हणजे श्राइनच्या प्रवेशाची कमान, तिथे थोडं वाकायचं आणि कडेकडेने चालायचं. वाटेचा मधला भाग देवाचा मानतात.
- पाण्याच्या कुंडाशी आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ. पळी उष्टी करायची नाही हे आपल्या लोकांना काय सांगायचं!
- नाणं टाका, दोनदा वाका, दोन टाळ्या, काय मागायचं ते मागा, परत एकदा वाका. इझुमो ताइशा या श्राइनला मात्र चार टाळ्या.

नवखे हमखास चुकतात ते बौद्ध मंदिरातही टाळ्या वाजवून, तिथे नुसते हात जोडायचे. आणि चपला कुठे काढू म्हणून कमानीशी घुटमळू नका, आवारात बूट चालतात. गोशुइन, म्हणजे श्राइनमध्ये वहीवर घेतात ते शिक्के, वगैरे पुढच्या वेळी बघू.