"ताई, कुणाला सांगू नको ना"

पत्र थोडक्यात असं: मावशी, मी 23 वर्षांची, कळव्याला राहते, ऐरोलीत जॉब आहे. गेल्या वर्षीपासून दर रविवारी नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीत एका संस्थेच्या मुलांच्या गटाची युथ लीडर म्हणून जाते. गटातल्या नववीतल्या एका मुलीने वडिलांच्या फोनवरून मला मेसेज केला, ताई मे मधे गावी माझं लग्न लावतायत, कुणाला सांगू नको ना, आणि लगेच डिलीट केला. नंतर भेटल्यावर मी तिला नाही सांगणार म्हटलं. संस्थेच्या सरांना नाव न घेता विचारलं तर म्हणाले, आपण घरगुती गोष्टीत पडत नाही, उद्या वस्तीत पाय ठेवू देणार नाहीत. घरी आई म्हणते रविवारी तरी घरात बस. मला झोप लागत नाहीये, काय करू?

अगं पोरी, झोप कशी लागेल. त्या मुलीने घरात कुणाला नाही, शाळेतल्या बाईंना नाही, तुला सांगितलं. वर्षभर तू ट्रान्स हार्बर लोकलला लटकत जाऊन त्या पोरांचे खेळ घेतलेस, अभ्यास घेतलास, त्यातनंच हा विश्वास आलाय, त्यामुळे आपण कुठे कमी पडतोय वगैरे डोक्यातनं काढ.

पण दिलेला शब्द तुला मोडावा लागेल, त्याला दुसरा रस्ता नाही. आणि मला विचारशील तर कुणाला सांगू नको म्हणणारी मुलगी बहुतेकदा बाबांना कळू देऊ नको असं म्हणत असते, नाहीतर बापाचा फोन घेऊन मेसेज करायची रिस्क तिने घेतलीच नसती. तर आधी तिलाच सांग. त्या फोनवर अजिबात मेसेज करू नको, तिने डिलीट केला म्हणजे काय ते समज. रविवारी क्लास सुटल्यावर, बाकीची पोरं चपला शोधत असतात तेव्हा तिला जरा बाजूला घे, चार लोकांच्या नजरेसमोरच पण ऐकू जाणार नाही इतकं लांब, आणि सांग की मी हे एकटीने पोटात ठेवू शकत नाही, मदत करणाऱ्या माणसाला सांगणार आहे, तू सांगितलंस हे तुझ्या घरी माझ्याकडून कळणार नाही. ती रडेल, चिडेल, कदाचित पुढच्या रविवारी येणारही नाही. तरी सांग.

आता तुझे सर. त्यांची भीती खोटी नाहीये, एका घरात भांडण झालं की दहा घरं पोरं पाठवायची बंद करतात, असं होतं. पण हे घरगुती नाही गं. मुलीचं वय 18 च्या आत असेल तर 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लग्न लावणारे, ठरवणारे, थांबवायला कसूर करणारे पालकसुद्धा गुन्ह्यात येतात, 2 वर्षांपर्यंत शिक्षा आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. म्हणून सरांना पुन्हा विचार, ह्यावेळी लेखी, की मुलांच्या सुरक्षेचं आपल्याकडे कोण बघतं आणि अशी केस आली तर काय करायचं ठरलंय. मुलीचं नाव मेसेजमधे नको, व्हॉलंटियर्सच्या ग्रुपवर तर एक अक्षर नको. दोन दिवसात धड उत्तर नाही आलं तर तू स्वतः 1098 ला फोन लाव. मुलांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे ती, 24 तास, पैसे लागत नाहीत, तुझं नाव बाहेर येऊ देऊ नका असं स्पष्ट सांग. त्यांच्याकडून बालकल्याण समितीपर्यंत विषय जातो, वेळ पडली तर कोर्टाकडून लग्नाला मनाई आणता येते आणि ती मोडून लावलेलं लग्न कायद्याने लग्नच धरत नाहीत.

एक मात्र करू नको, तिच्या घरी जाऊन बापाला समजवायला जाऊ नको. तुझ्या मनात असणारच ते. तू निघालीस की पाठोपाठ तिची बॅग भरली जाईल आणि ती तुर्भ्यात दिसायची बंद होईल. घरच्यांशी बोलणं व्हायलाच हवं, पण ते अनुभवी माणसाने, आणि नुसतं कायद्याचं भय घालून नाही. आईबाप दोघं दिवसभर कामाला, वयात आलेली मुलगी खोलीत एकटी, कुणी काही केलं तर काय, ह्या धास्तीनेही कितीतरी लग्नं ठरतात. ती पाच वाजेपर्यंत कुठे सुरक्षित बसेल, दहावीचा खर्च कसा निघेल, सरकारी वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती मिळते का, हे सगळं त्या आईसमोर मांडलं तर ऐकून घेण्याची शक्यता जास्त. इथे संस्थेने मागे सरकू नये असं मला फार वाटतं, कारण एवढ्यासाठीच तर वस्तीत जायचं असतं ना.

तुझ्या आईचं म्हणशील तर महिन्यातला एक रविवार खरंच घरी थांब, त्या दिवशी दुसरी व्हॉलंटियर गट घेईल आणि मुलांना तुझ्याशिवाय अजून एक ताई मिळेल. पण हा नको, पुढचे एकदोनही नको.

आणि मे मे करत बसू नको. परीक्षा संपली की वस्तीतली बरीच घरं एप्रिलमधेच गावी निघतात, आणि महाराष्ट्रातल्या गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याच्यापर्यंत वेळेत निरोप जायचा तर पत्ता हातात हवा. तिच्याशी बोलशील तेव्हा गावाचं आणि तालुक्याचं नाव विचारून घे.