गच्चीवर कोण झोपतंय ते आधी बघ

(पत्र थोडक्यात: रावेर तालुक्यातली मुलगी, पहिलं बाळ, 26 दिवसांचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून बाळंतपण सासरीच. बाळ दिवसा गाढ झोपतं अन् रात्री दर दोन तासाला उठतं. सासूबाई म्हणतात दूध पुरत नाही, वरचं चालू कर. जाऊ म्हणते माझा तर रात्रभर झोपायचा. ही वहीत मांडते, 15-16 तास भरतात, पण तुकड्या-तुकड्यांत. "हे खूप समजूतदार आहेत, कधीच चिडत नाहीत. उकाड्यामुळे गच्चीवर झोपतात, पहाटे पाचला केळीचा माल भरायला जावं लागतं ना. मावशी, एवढ्याशा बाळाला नक्की किती झोप लागते?")

बाई, बाळाचं आधी सांगून टाकते, कारण त्याचं काहीच बिघडलेलं नाहीये. एवढ्या बाळाला दिवस-रात्र मिळून 14 ते 17 तास झोप लागते, म्हणजे तुझी वही पास झाली, आता ती वही बंद कर. तुकडे पडणारच, पोट केवढंसं असतं त्याचं, दूध लगेच पचतं, चोवीस तासात आठ ते बारा वेळा पाजावंच लागतं. दिवस-रात्र कळायला अजून महिना-दोन महिने जातील. आणि त्याची अर्धी झोप ही चुळबुळीचीच असते, कण्हतं, तोंड वाकडं करतं, हात उडवतं, म्हणून खुट्ट झालं की उचलू नको, जरा थांब, कधी कधी परत झोपून जातं.

दूध पुरतंय का ते जावेला कशाला विचारायचं? दिवसात सहा-सात लंगोट ओले होतायत का आणि वजन वाढतंय का, एवढं बघ. 28व्या दिवशी आशाताई येईलच, तिच्याकडून वजन करून घे अन् तो आकडा सासूबाईंसमोर मोठ्यांदा वाचायला लाव. वरचं दूध नाही, गुटी नाही, मे महिना असला तरी पाणीसुद्धा नाही. हां, अंग तापलं, किंवा उठवूनही उठत नाही, ओढतच नाही असं झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

आता गच्चीकडे येऊ. "हे कधीच चिडत नाहीत." अगं ज्याच्या कानावर रडणंच जात नाही तो चिडेल कशाला! आमच्या लहानपणी धाब्यावर झोपायचो आम्ही सगळे, बारानंतर काय गार वारा सुटायचा, मला माहितीये ते सुख काय असतं ते. अन् खाली कूलरच्या घरघरीत तू, पाठ टेकायच्या आत परत उठायचं. सासूबाईंवर तू अर्धं पान लिहिलंयस, पण त्या बिचाऱ्या निदान खाली तरी आहेत. नवऱ्यावर दीड ओळ, ती पण कौतुकाची. पाचला जातात म्हणे. जाऊ दे ना पाचला, पण गच्चीवर गेलेला माणूस अकरापर्यंत मोबाइलच बघत पडलेला असतो, ते दोन-अडीच तास मला हवेत.

तर आज रात्री तू वर जायचंस. त्यांना खाली बोलव म्हणत नाहीये मी, नीट वाच, तू वर जा. नऊला बाळाला पोटभर पाज, त्यांच्या हातात दे आणि जिना चढ. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं, याला काही बाईच लागते असं नाही. झोपलं की पाठीवर झोपवायचं, सपाट कडक गादीवर, उशी-बिशी काही नाही, आणि त्यांना स्वतःला डुलकी यायला लागली तर बाळाला छातीवर घेऊन पडायचं नाही, एवढं बजावून जा. भुकेने रडलं की वर आणून द्यायचं, तू पाजून परत त्यांच्याकडे द्यायचं. झेपत नसेल तर एवढी एकच फेरी, पण रोज.

सासूबाई म्हणतीलच, ओली बाळंतीण, वारा लागेल. कानाला रुमाल बांध अन् हो म्हणून वर जा. नवरा म्हणेल मला जमत नाही. तुला तरी कुठे जमत होतं 26 दिवसांपूर्वी?

जाताना एखादी पातळ चादर घेऊन जा, पहाटे वर जरा गार वाटतं. मोबाइल खालीच ठेव.

— मावशी