हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश सोडू नये

नमस्कार. ब्रश करताना रक्त येते म्हणून आईंनी ब्रश सोडून मशेरी लावायला सुरुवात केली आहे, त्यांना मधुमेह आहे आणि ‘मशीनने दात साफ केले की ते हलायला लागतात’ असे शेजारी सांगत असल्याने त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत, असे तुम्ही ठाण्याच्या कोपरीहून लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. वडिलांच्या हिरड्यांचे उपचार जवळून पाहिल्यानंतर या विषयावर जे वाचत आणि विचारत आलो, त्याच्या आधारे लिहीत आहे.

रक्त ब्रशमुळे येत नाही. हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो, त्याच्याशी झुंजताना हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीला नुसता स्पर्शही पुरतो. त्यामुळे ब्रश थांबवला की थर वाढतो आणि रक्तही वाढते. डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लोए यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या माणसांनी दात घासणे बंद केले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या टप्प्यावरचा आजार पूर्ण बरा होतो.

पुढचा टप्पा मात्र तसा नाही. साचलेला थर लाळेतील कॅल्शियममुळे घट्ट होऊन त्याचे कीटण बनते, आणि ते कोणत्याही ब्रशने किंवा मंजनाने निघत नाही. दात आणि हिरडी यांच्यामधली फट निरोगी स्थितीत १ ते ३ मिलिमीटर असते. ती खोल होत जाते, आत जिवाणू वाढतात आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हे बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच लोक उशिरा पोहोचतात. गेलेले हाड आपोआप परत येत नाही.

आता आईंच्या भीतीविषयी, कारण सगळे तिथेच अडले आहे. साफ केल्यानंतर दात हलल्यासारखे वाटतात, हा अनुभव खोटा नाही, परंतु त्याचे कारण वेगळे आहे. हाड आधीच झिजलेले असते आणि जमलेल्या कीटणाने शेजारचे दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात; तो आधार निघाला की लपलेला सैलपणा जाणवतो. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, फटी दिसू लागतात आणि काही दिवस थंड पाणी झोंबते. कीटण तसेच ठेवले तर उरलेले हाडही जाईल, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

मशेरी ही भाजलेल्या तंबाखूची पूड आहे. जिथे ती लावली जाते तिथली हिरडी मागे सरकते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सवय लागली असेल तर ती रागावून सुटणार नाही. तंबाखू सोडवण्यासाठी मदत मिळते, दंतवैद्यांनाच विचारा.

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. साखर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांवर उपचार झाल्यावर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) काही दशांशांनी उतरल्याचे अभ्यासांत दिसले आहे. माझ्या मते आईंना पटवण्यासाठी हाच मुद्दा सर्वांत उपयोगी पडेल.

घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने दोन मिनिटे घासावे, रात्री झोपण्यापूर्वी तर नक्कीच. फटी मोठ्या असतील तर दातांच्या मधला छोटा ब्रश दात साफ करण्याच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) चांगले काम करतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रवाने चुळा डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस भराव्यात. जास्त काळ वापरल्यास दातांवर डाग पडतात.

खर्चाची चिंता असेल तर नेरूळ आणि खारघर येथील दंतमहाविद्यालयांत हिरड्यांचे स्वतंत्र विभाग आहेत आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जाता येते. आईंना नाश्ता आणि नेहमीची औषधे देऊन न्या, आणि सर्व औषधांची यादी जवळ ठेवा. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधीच सांगा. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. तसे दिसले तर गोळी स्वतःहून बंद न करता ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.